सुरीच्या मुठीचा रंग बदलताना

लाकडी मुठीची सुरी काही वर्षं वापरली की मूठ काळपट होते. कुणीतरी सांगतं, "ब्लीच लाव, निघेल." लावून बघितलं तर काळं तसंच राहतं, लाकडावर लव उभी राहते आणि पात्यावर तांबूस ठिपके उमटतात. ब्लीच या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी रसायनं विकली जातात आणि त्यांतलं प्रत्येक फक्त एका प्रकारचा रंग काढतं. म्हणून बाटली उघडण्याआधी मूठ नक्की कशाने काळी झाली आहे ते बघायचं. या कामाचा अर्धा भाग तिथेच होतो.

दुसरी अडचण म्हणजे मुठीच्या आत पोलाद असतं. खुर्चीचा पाय धुवून उन्हात टाकला की झालं, पण मुठीत पात्याचं शेपूट गेलेलं असतं. लाकूड आणि पोलाद यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरलं की ते दिवसेंदिवस बाहेर येत नाही. खाली सांगितलेल्या बऱ्याच खबरदाऱ्या त्या फटीसाठीच आहेत.

मूठ लाकडाचीच आहे ना?

हल्लीच्या अनेक सुऱ्यांच्या काळ्या-तपकिरी मुठी दिसायला लाकडी असतात, पण त्या पातळ लाकडी थर राळेत भिजवून, दाबून केलेल्या असतात. त्यांच्यात रंग शिरत नाही आणि ब्लीचही शिरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कडेने बघितलं तर एकसारख्या अंतरावर समांतर रेषा दिसतात, आणि पॉलिश पेपरने जरा घासून पाण्याचा थेंब टाकला तर दहा मिनिटांनीही तो तसाच गोल बसून राहतो. अशी मूठ असेल तर हे काम सोडून द्या.

खऱ्या लाकडावर थेंब तसाच राहिला तर वर पॉलिशचा थर आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मुठीच्या टोकाकडे अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनेच निघेल. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलाच टणक थर आहे, तो घासूनच काढावा लागतो. थर थोडा जरी राहिला तरी त्या जागी ना ब्लीच लागतं ना रंग, आणि हे कळतं ते रंग लावून झाल्यावर.

लाकूड कोणतं हेही बघा. शिसवी मूठ मुळातच गडद असते. तिच्यावर निळा-हिरवा रंग दिसणार नाही आणि ती पांढरी करायला गेलात तर मळकट तपकिरी होईल. सागात तेलकटपणा असतो, त्यामुळे रंग लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो. बाहेरून येणाऱ्या सुऱ्या-चाकूंना बहुतेक वेळा बीच, बर्च किंवा अक्रोडाची मूठ असते. बीच आणि बर्च फिकट असतात, रंग छान पितात. नवख्याने सुरुवात यांच्यावरच करावी.

काळं कुठे आहे, कसं आहे

मूठ उजेडात धरून नीट बघा.

रिव्हेटभोवती (मूठ पात्याला जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांभोवती) आणि पात्याला लागून निळसर-काळे डाग असतील तर तो लोखंडाचा डाग. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि ओल्या पोलादातून सुटलेलं लोह एकत्र आलं की शाईसारखा काळा रंग तयार होतो. याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. इथे बाकी कुठलंही ब्लीच लावणं म्हणजे वेळ फुकट.

तळव्याची जागा सगळीकडे सारखी तपकिरी-काळी आणि जराशी चकचकीत असेल तर तो हाताचा आणि स्वयंपाकघरातल्या तेलाचा मळ. त्याला ब्लीच नकोच. चमचाभर धुण्याचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात, जुना टूथब्रश आणि पाच मिनिटं. पुष्कळदा मूठ एवढ्यानेच उजळते आणि पुढचं सगळं टळतं.

आधी कुणीतरी रंग दिलेला असेल आणि तो काढायचा असेल तर क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पावसाळ्यात धरलेल्या बुरशीच्या काळ्या ठिपक्यांनाही तेच, फक्त ठिपके वरवरचे असले पाहिजेत.

लाकडाचा स्वतःचा रंग फिका करायचा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्याच्या जोडीला अल्कली, म्हणजे सोड्यासारखा पदार्थ.

पातं बांधून घ्या

पातं सुटत असेल तर काढून ठेवा. बहुतेकांचं सुटत नाही. मग आधी धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बसवा, नाहीतर घासताना हात कापणार. पुठ्ठ्याबाहेर राहिलेल्या पोलादाला व्हॅसलीनचा पातळ हात द्या, त्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि लाकडाच्या कडेशी वायरिंगची पीव्हीसी टेप घट्ट ओढून लावा. मास्किंग टेप इथे चालत नाही, ती कागदाची असते आणि ओल तिच्यातून आत जाते. व्हॅसलीन लाकडाला लागू देऊ नका. लागलं तर त्या जागी रंग बसणार नाही.

आता सुरी धरण्याची दिशा. काम चालू असताना पातं वर, मूठ खाली. द्रव खाली ओघळतो आणि मुठीच्या टोकाशी टपकतो, फटीकडे जात नाही. वाळतानाही सुरी अशीच उभी राहिली पाहिजे. पुठ्ठ्यातून दोरा ओवून खिळ्याला टांगली की प्रश्न मिटला. मूठ भांड्यात बुडवून ठेवायची नाही, कितीही मोह झाला तरी. सगळं ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने लावायचं.

घासणं

120 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग 180, शेवट 220. नेहमी रेषांच्या दिशेने. 320 आणि त्यापुढचा कागद लाकूड इतकं घोटतो की रंग कमी शिरतो, त्यामुळे फार गुळगुळीत करण्याचा हट्ट नको. अपवाद मुठीच्या टोकाचा. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, म्हणून ते बाजूंच्या दुप्पट रंग पितं आणि गडद दिसतं. टोक मुद्दाम 400 पर्यंत घोटा म्हणजे रंग सारखा येतो.

रिव्हेट असतील तर त्यांच्यावरून कागद फिरला की धातूची काळी भुकटी शेजारच्या लाकडात बसते, फिकट लाकडात ती ठळक दिसते. रिव्हेटसाठी कागदाचा वेगळा तुकडा ठेवा आणि भुकटी हाताने पुसू नका, फुंकून किंवा ब्रशने उडवा. लोखंडी काथ्या तर या कामात आणूच नये. त्याचा एक बारीक तुकडा लाकडात राहिला आणि पाणी लागलं की तिथे काळा ठिपका पडतो.

शेवटी ओल्या फडक्याने मूठ पुसा, वाळू द्या. लाकडाची लव उभी राहील. 220 च्या वापरलेल्या कागदाने ती हलकेच उतरवा. ही लव आता उतरवली नाही तर रंग दिल्यावर उतरवावी लागते, आणि तेव्हा तिच्याबरोबर रंगही जातो.

घासून झालं की सुरी, गुंडाळलेल्या टेपसकट, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

ऑक्झॅलिक ॲसिड

हार्डवेअरच्या किंवा रसायनांच्या दुकानात हे पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. फरशी पॉलिश करणारे कारागीर ते रोज वापरतात, त्यामुळे दुकानदाराला नाव पुरतं. ते दिसतं मात्र साखरेसारखं आणि पोटात गेलं तर विषारी आहे. जुन्या बरणीत भरून ठेवायचं नाही. मूळ पुडीतच, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर.

एका मुठीला 100 मिली द्रव भरपूर होतो. 100 मिली गरम पाण्यात 6 ग्रॅम खडे विरघळवा. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. ॲल्युमिनियम, लोखंड नको. पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलिकशी मिळून न विरघळणारी पांढरी पूड करतं आणि ती लाकडाच्या छिद्रांत अडकते. हातमोजे आणि चष्मा घाला.

ब्रशने द्रव सगळ्या मुठीला लावा. फक्त डागाला नाही. फक्त डागाला लावलात तर डाग जातो आणि त्या जागी फिकट ठिपका राहतो, म्हणजे एका डागाच्या जागी दुसरा. पंधरा-वीस मिनिटं मूठ ओली राहू द्या, वाळत आली की पुन्हा हात द्या. निळसर काळं आधी राखाडी होतं, मग पिवळट, मग नाहीसं. पहिल्या खेपेला अर्धाच गेला तर वाळू देऊन पुन्हा करा. तीन खेपांनंतरही हलला नाही तर तो लोखंडाचा डाग नव्हता.

धुणं महत्त्वाचं. वाहत्या नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने चार-पाच वेळा पुसा, दर वेळी फडकं पिळून, पाणी बदलून. त्यानंतर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, त्याने एकदा, आणि पुन्हा साध्या पाण्याने. वाळल्यावर मुठीवर पांढरी भुरी आली तर धुणं कमी पडलं. ती भुरी घासून काढू नका. हवेत उडाली की नाकाघशाला झोंबते. पुन्हा धुवा. पुढच्या प्रत्येक घासण्याला मास्क लावाच.

पात्याला ऑक्झॅलिक लागलं तर गंज निघतो आणि त्याबरोबर पोलादाची चमकही. कार्बन स्टीलवर राखाडी डाग राहतो. म्हणून वरची सगळी बांधाबांध.

क्लोरीनचं ब्लीच

घरगुती बाटलीत साधारण 4 ते 6 टक्के हायपोक्लोराइट असतं. ते ठेवून ठेवून मरतं, वर्षभर पडलेल्या बाटलीकडून काम होत नाही. ताजं आणा, वास न घातलेलं, पातळ. तसंच्या तसं ब्रशने लावा, अर्धा तास थांबा, गरज पडली तर दुसऱ्यांदा. दोन खेपांत जुना रंग गेला नाही तर तो डाय (विरघळून लाकडात शिरणारा रंग) नव्हे, पिगमेंट (न विरघळणारी रंगाची पूड) आहे आणि तो फक्त घासून निघतो. तिसरी-चौथी खेप केली की लाकडाचे धागे मोकळे होतात, पृष्ठभाग केसाळ आणि पिवळट होतो. धुवून झाल्यावर फिश टँकवाल्याकडे मिळणारा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अर्धा लिटर पाण्यात चमचाभर घेऊन एकदा पुसा. उरलेलं क्लोरीन मारलं नाही तर ते पुढे तुम्ही लावलेला नवा रंगच खाऊन टाकेल.

याच्यात काय मिसळायचं नाही ते ठळक सांगायला हवं. ऑक्झॅलिक, व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही हायपोक्लोराइटला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. स्पिरिट भेटलं तर क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतो. अमोनियाशीही तेच, विषारी वायू. एका दिवशी एकच ब्लीच, मधे पूर्ण धुणं आणि वाळणं, ब्रशही वेगळा. आणि हे सगळं गॅलरीत, बाथरूमचं दार लावून नव्हे.

स्टेनलेसला काही होत नाही असं समजू नका. क्लोरीनमुळे त्याला बारीक खड्डे पडतात.

पेरॉक्साइड

लाकडाचा स्वतःचा रंग काढायला कारखान्यांत 30-35 टक्क्यांचं पेरॉक्साइड आणि कॉस्टिक सोडा वापरतात. परिणाम जबरदस्त असतो, कातडीवरही. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत 6 टक्क्यांचं मिळतं, ते घ्या. 250 मिली कोमट पाण्यात 15 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून मुठीला लावा. पाच मिनिटांनी त्यावरच दुसऱ्या ब्रशने पेरॉक्साइड लावा. बारीक फेस येईल. मूठ सावलीत वाळू द्या आणि हेच आणखी तीन-चार वेळा करा. बीच जवळजवळ दुधी होतो, साग एक-दोन छटांनी उतरतो. दोन्ही द्रव बाटलीत एकत्र करून झाकण लावू नका, आत ऑक्सिजन साठून बाटली फुटते. शेवटी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी असं करून पुसा, मग साधं पाणी. व्हिनेगर फक्त याच प्रकारात. मुठीचे रिव्हेट ॲल्युमिनियमचे असतील तर सोडा त्यांना खातो, ते काळे पडतात. तिथे प्रत्येक रिव्हेटवर नेलपॉलिशचा थेंब लावून घ्या. नंतर तो थिनरने निघतो.

वाळलं कधी म्हणायचं

हाताला कोरडी लागते म्हणून मूठ वाळली असं होत नाही. मघाशी लिहिलेलं वजन काढा. समजा सुरी 142 ग्रॅम होती आणि धुतल्यावर 146 भरली. ती पुन्हा 142 वर येऊन दुसऱ्या दिवशीही 142 वरच राहिली की वाळली. फेब्रुवारीत पुण्यात याला दोन दिवस पुरतात. जुलैत कोकणात आठवडा गेला तरी आकडा खाली येईलच असं नाही, म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नका. घाई करून ओव्हनमध्ये, हेअर ड्रायरखाली किंवा कडक उन्हात ठेवलंत तर बाहेरचं लाकूड आतल्यापेक्षा आधी आकसतं आणि रिव्हेटपासून टोकापर्यंत चीर जाते. पंख्याखाली टांगणं सगळ्यात बरं.

रंग चढवणं

आधी एक हिशेब. डाय पारदर्शक असतो. त्याच्याखालचं लाकूड दिसतच राहतं आणि दोन्ही रंग मिसळतात. पिवळसर बीचवर निळा लावला की मूठ हिरवट होते. म्हणून निळा, जांभळा, स्वच्छ हिरवा हवा असेल तरच आधी पेरॉक्साइड. लाल, तपकिरी, काळा यांना ब्लीच करायची काहीच गरज नाही. लोक उगाच करतात.

पाण्यात विरघळणारा डाय खोल शिरतो आणि लावताना दम घेऊ देतो. स्पिरिटमध्ये विरघळणारा मिनिटात वाळतो, लव उठवत नाही, पण एक हात दुसऱ्यावर आला की तिथे पट्टा दिसतो. पॉलिशच्या सामानाच्या दुकानात दोन्ही पुड्यांत मिळतात. पहिल्यांदा पाण्याचाच घ्या. 50 मिली गरम पाण्यात दीड ग्रॅम पूड, गाळून, थंड करून. एका मुठीला 15-20 मिली लागतो. पहिला हात याच्यातही तेवढंच पाणी घालून अर्ध्या ताकदीचा द्या. गडद करणं हातात असतं, फिकं करायचं म्हणजे पुन्हा वरचं सगळं पुराण.

मूठ साध्या पाण्याने जराशी ओलसर करा, विशेषतः टोक. मग बोळ्याने पातं असेल त्या बाजूकडून टोकाकडे, एका दमात, चारही बाजूंनी. मिनिटभराने कोरड्या सुती फडक्याने जादा रंग पुसा. ओली असताना जो रंग दिसतो तो साधारण तेल दिल्यानंतरचा. वाळल्यावर तो निस्तेज, खडूसारखा दिसेल, घाबरून आणखी हात देऊ नका. ओल्या बोटाने पुसून बघा आणि मग ठरवा.

हळद, आळता, बीट हे घरगुती रंग मोह पाडतात. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात. भाजी चिरून सुरी धुतली की पिवळ्या मुठीवर लाल बोटं उमटतील.

काळी मूठ: हिरडा आणि हिराकस

काळ्या रंगासाठी मात्र पुडीतल्या डायपेक्षा जुनी रीत सरस आहे. ऑक्झॅलिकने जो डाग काढला तोच इथे मुद्दाम पाडायचा. टॅनिन आणि लोह. पोथ्या लिहायच्या शाईतही हिरडा (टॅनिन असलेलं फळ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) ही जोडी वापरली जाई.

काष्ठौषधींच्या दुकानातून 20 ग्रॅम हिरड्याची पूड आणि 5 ग्रॅम हिराकस आणा. हिराकस हिरवट खड्यांत मिळतो. वरून तपकिरी पूड जमली असेल तर जुना आहे, आतला हिरवा भाग घ्या. हिरड्याची पूड 250 मिली पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. स्टीलचं भांडं चालेल, लोखंडी कढई नको, काढा तिथेच काळा होईल. हा काढा कोमट असताना मुठीला दोन हात, मधे अर्धा तास. लाकूड जरासं पिवळट दिसेल, एवढंच.

पूर्ण वाळलं की 100 मिली पाण्यात विरघळवलेला हिराकस वेगळ्या ब्रशने लावा. ब्रश टेकला तिथून करडी छटा पसरते, पाहता पाहता ती निळसर होते आणि काही मिनिटांत काळी. कुठे तपकिरी राहिली तर तिथे काढा कमी पडला होता. वाळल्यावर काढा, मग हिराकस, अशी आणखी एक फेरी. दोन ब्रश एकमेकांच्या भांड्यात गेले तर दोन्ही भांड्यांत शाई तयार होते आणि लाकडाला काही उरत नाही.

बाभळीच्या, अक्रोडाच्या लाकडात स्वतःचं टॅनिन असतं, तिथे काढ्याचा एकच हात पुरतो. बीच-बर्चला पूर्ण दोन फेऱ्या लागतात. काम झाल्यावर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, कारण उरलेला हिराकस आंबट असतो आणि टेपखाली सरकला तर पातं गंजवतो. रंग बिघडला तर काळजी नाही, ऑक्झॅलिकने हा काळा पूर्ण उतरतो. डायच्या काळ्याला ही सोय नाही.

घडीचा चाकू

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात 1890 पासून बनणारा ओपिनेल हा बीचच्या मुठीचा घडीचा चाकू रंगवायला लोकांना फार आवडतो. पण घडीच्या लाकडी चाकूची गोष्ट वेगळी आहे. मुठीतल्या खाचेत पातं जेमतेम बसतं, लाकूड पाण्याने फुगलं की ते अडकतं. तिकडे अडकलेलं पातं बाहेर काढायला मुठीचं टोक टेबलावर ठोकायची पद्धत आहे आणि तिला "सॅव्हॉयकरांचा टोला" अशा अर्थाचं नावही आहे. म्हणून अशा चाकूला पाण्याचा डाय नको. स्पिरिटचा घ्या, पातं उघडं ठेवून बांधा, कापसाच्या काडीने बाहेरून लावा आणि खाचेत रंग जाऊ देऊ नका. खाचेला नंतर फक्त तेल. मूळ व्हार्निश आधी पूर्ण घासून काढावं लागतं, नाहीतर पातं जागेवर धरणाऱ्या धातूच्या कडीजवळ फिकट कडं राहतं.

वरचा थर

रंग दिलेली मूठ तशीच वापरायला घेतली तर पहिल्या टोमॅटोला रंग हाताला लागेल. वर काहीतरी बसवायलाच हवं.

स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल लावू नका, ती कधी वाळत नाहीत. चिकट राहतात, खवट होतात. जवसाचं तेल वाळतं. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉईल्ड जवस तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूची संयुगं घातलेली असतात, म्हणून भाजी-फळं चिरायच्या सुरीला कच्चं जवस तेल बरं, वेळ मात्र जास्त लागतो. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा, दोन-तीन दिवस थांबा, असे तीन-चार हात. पहिल्या हाताला फडक्यावर थोडा रंग येतो, ते ठीक. तिसऱ्यालाही येत असेल तर डाय जास्त झाला आहे. तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

चपडा स्पिरिटमध्ये असतो, त्यामुळे स्पिरिटच्या डायवर तो फिरवला की रंग ओढला जातो आणि मूठ डागाळते. चपडा लावायचाच तर पाण्याच्या डायवर, आणि गरम पाणी न लागणाऱ्या सुरीला, कारण गरम पाण्याने तो पांढुरका होतो. रोज दहा वेळा धुतली जाणारी सुरी असेल तर पीयूचे तीन पातळ हात टिकाऊ पडतात, दिसायला जरा प्लास्टिकसारखे का असेनात.

लाकूड आणि पोलाद यांच्यात फट पडलेली दिसली तर ती इपॉक्सीत त्याच लाकडाचा भुसा कालवून भरा, पण रंग झाल्यावर. आधी भरलीत तर गोंदाच्या डागावर रंग चढत नाही आणि फिकट रेघ राहते.

तेल पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे जातात. त्यानंतर ओलं पांढरं फडकं मुठीवर जोरात घासून बघा. फडकं पांढरंच राहिलं तर टेप काढा, पात्याचं व्हॅसलीन पुसून सुरी धुवा आणि वापरायला घ्या. वर्षभराने तळव्याच्या जागी रंग उडालेला दिसेल. तेवढीच जागा 220 ने हलकी घासून, धुण्याच्या सोड्याने तेल काढून, अर्ध्या ताकदीच्या डायचा एक हात द्यायचा, वाळल्यावर तेल. हिराकसाच्या काळ्या मुठीला काढ्याचा आणि हिराकसाचा एकेक बोळा पुरतो.